न फाडलेली चिठ्ठी

आदिनाथच्या स्क्रीनवर माझं वाक्य आलं तेव्हा मी चहाचा कप घेऊन त्याच्या टेबलापाशी उभी होते, आणि खरं सांगते, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. 'दोन साल ऊसतोड. जमीन पडीक. साक्षीत हा विषय काढू नये.' माझंच. अशी तुटक वाक्यं आमच्या ऑफिसात दुसरं कुणी लिहीत नाही. मशीनने ते सगळ्यात वर, ठळक अक्षरांत ठेवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, स्रोत: हस्तलिखित टिपण क्रमांक ४११८, व. वंदनातल्या त्या 'व'कडे मी कौतुकाने बघत राहिले. एकोणीस वर्षांत या ऑफिसातून बाहेर गेलेल्या एकाही कागदावर माझं नाव नव्हतं, दाव्यावर नाही, अपिलावर नाही, आणि आता निदान एक अक्षर तरी दिसत होतं. मग मी आदिनाथने वर टाइप केलेला प्रश्न वाचला. 'टेंभुर्णीजवळच्या गायरानावरील सहा कुटुंबांचा ताबा खोडून काढायला सर्वांत सोपा मुद्दा कोणता?' चहा मी तिथेच ठेवला.

"बघा ताई," आदिनाथ म्हणाला, "चार सेकंद. फायली काढत बसलो असतो तर दिवाळी आली असती." आदिनाथ म्हणजे आमच्या साहेबराव वकिलांचा मुलगा. पुण्याला शिकला, तिथे मोठ्या फर्ममध्ये चार वर्षं काढली, आणि दीड वर्षापूर्वी जालन्याला परत येऊन मस्तगडातल्या वडिलांच्या जुन्या ऑफिसाला त्याने काचेचा दरवाजा, एसी आणि जुन्या फायली वाचून उत्तरं देणारं हे मशीन बसवलं. मी विचारलं, ही केस आपल्याकडे कशी? म्हणाला, सोलर कंपनीची आहे, मागल्या आठवड्यात वकीलपत्र घेतलं, गायरान कंपनीला भाड्याने मिळालंय आणि वर ही सहा घरं बसलीत. "पण ती माणसं आपली आहेत," मी म्हणाले. "सात साली त्यांची केस आपणच लढलो." "होती आपली. अकरा साली ग्रामपंचायतीनं त्यांना हटवायचा ठराव मागं घेतला, फाईल निकाली निघाली. आता आपला काय संबंध?" मी म्हणाले, त्या चिठ्ठीतलं त्यांनी विश्वासाने सांगितलेलं आहे, ती कोर्टात दाखवता येणार नाही. तो हसला. वाईट नाही हसला, लहान मुलाला समजावताना हसतात तसा. "दाखवतंय कोण? उलटतपासणीत त्या केशरबाई म्हातारीला फक्त विचारायचं, अठ्ठ्याऐंशी ते नव्वद तुम्ही कुठं होता. खोटं बोलली तरी पडली, खरं बोलली तरी पडली." मग स्क्रीनकडे बघत, माझ्याकडे न बघता, म्हणाला, "आणि ताई, हे लपवा म्हणून तुम्हीच लिहून ठेवलंय. बाहेर बोलाल तर सनद तुमचीच अडचणीत यायची. मी आपलं काळजीनं सांगून राह्यलो."

काळजीने. त्या शब्दाने माझं डोकं फिरलं. तरीही मी उत्तराचा उरलेला भाग वाचला, कारण वाचायची सवय जात नाही. मशीन फार विनम्र लिहितं. 'आपल्या कार्यालयाच्या अनुभवानुसार,' असं त्याने सुरू केलं होतं, 'केशरबाई या साक्षीदारास एकाच वेळी दोन प्रश्न विचारल्यास त्या गोंधळण्याची दाट शक्यता आहे.' हेही माझंच. मी लिहिलं होतं, केशरबाईंना एकदम दोन प्रश्न विचारू नयेत, गोंधळतात. साहेबांना सांगायला लिहिलं होतं, की हळू घ्या, म्हातारं माणूस आहे, पाणी विचारा. शब्द तेच होते, एकही नवा घातला नव्हता, फक्त म्हातारीला जपायची सूचना तिला पाडायची सूचना झाली होती. कार्यालयाचा अनुभव म्हणे. कार्यालय गेलं होतं का कधी त्या वस्तीवर? कार्यालयाने खाल्ली होती का केशरबाईच्या हातची भाकरी?

माझ्या टेबलाशी येऊन बसले. खाली मस्तगडाचा रस्ता, भांड्यांच्या दुकानापुढे टेम्पो आडवा लावलेला, मागचे हॉर्न वाजवताहेत. आमच्या ऑफिसात एक पद्धत होती, साहेबरावांनी घालून दिलेली. खरं वेगळ्या कागदावर आणि केस वेगळ्या कागदावर. पक्षकार आला की साहेब त्याच्याशी केस बोलायचे, आणि मग तो माझ्याकडे मागच्या खोलीत यायचा आणि मी त्याच्याकडून खरं काढून घ्यायची. काय झालं होतं, कोण कुठे होतं, कशाची लाज वाटते, कुठला प्रश्न आला तर घाम फुटेल. ते मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहायची आणि टाचणीने फाईलच्या आतल्या बाजूला लावायची. साहेब कोर्टात उभे राहायच्या आधी चिठ्ठी वाचायचे आणि समोरच्याला त्या वाटेला जाऊच द्यायचे नाहीत. निकाल लागला की चिठ्ठी फाडायची. हा नियम होता, आणि साहेबांनी पहिल्याच दिवशी मला तो दोनदा सांगितला होता. मी एकही चिठ्ठी फाडली नाही. निकालपत्रावर साहेबांचं नाव असायचं, पेपरात साहेबांचा फोटो यायचा, पेढे साहेबांच्या टेबलावर उघडले जायचे, आणि मी त्या केसमध्ये होते याचा जगात एकच पुरावा होता, ती चिठ्ठी. ती फाडायला माझा हात धजला नाही. लोखंडी कपाटात खालच्या दोन कप्प्यांत मी त्या सगळ्या सालवार लावून ठेवल्या होत्या. कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

या ऑफिसात मला का घेतलं होतं तेही मला ठाऊक आहे. मी हुशार होते, एलएलबीला दुसरी आले होते, पण त्यासाठी नाही. साहेबराव मोठ्या शेतकरी घरातले, त्यांच्यासमोर आमच्या वस्त्यांवरची माणसं खुर्चीवर बसायचीसुद्धा नाहीत, उभ्याने हो साहेब, जी साहेब करायची आणि निघून जायची. साहेबांना त्यांच्या केसेस हव्या होत्या, गायरानाच्या, अॅट्रॉसिटीच्या, त्या काळात त्यातून नाव होत होतं. म्हणून टेंभुर्णीच्या शाळामास्तरची मुलगी आणली, दारात जय भीम म्हणणारी. माणसं माझ्याशी बोलायची. मी त्यांच्या कुणाची तरी भाची निघायची, कुणाच्या तरी गावची. मला हे कळत होतं आणि मी ते चालवून घेतलं, कारण मला वाटायचं मी त्यांच्या कामी येते आहे. येतही होते. आज त्याच चांगुलपणाचा मला सगळ्यात जास्त राग आला.

आणि ते स्कॅनिंग. मागच्या उन्हाळ्यात आदिनाथ माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला होता, "ताई, या ऑफिसचं खरं ज्ञान पप्पांकडं न्हाई, तुमच्या डोक्यात आहे. उद्या तुम्ही रिटायर झालात तर ते सगळं जाईल. ते आपण जपलं पाहिजे." एवढं पुरलं. एकोणीस वर्षांत कुणी माझ्या डोक्याला ज्ञान म्हटलं नव्हतं. त्याने फक्त फायली मागितल्या होत्या. कपाटाचे खालचे दोन कप्पे मी आपण होऊन उघडले. एकही पान सुटता कामा नये म्हणून चार महिने स्कॅनरपाशी उभी राहिले, टाचण्या काढल्या, चुरगळलेल्या चिठ्ठ्यांवर हात फिरवून त्या सपाट केल्या. मशीनला माझं अक्षर लागत नव्हतं. 'पडीक'चं ते 'पंडित' करायचं. मी एकेक ओळ वाचून त्याला दुरुस्त करून दिली, संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून, आणि आठवड्याभराने त्याला माझं अक्षर लागायला लागलं तेव्हा घरी जाऊन नवऱ्याला अभिमानाने सांगितलं. चार हजार एकशे अठरावी चिठ्ठी सपाट करताना मी वाचली असणारच. वाचली आणि पुढे सरकवली. कोण वाचणार, ऑफिसातलेच तर आहेत सगळे, असं वाटलं असेल. ऑफिस उद्या कुणाच्या बाजूने उभं राहील हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. माझी अक्कल कुठे गहाण पडली होती कोण जाणे.

केशरबाई सात साली पहिल्यांदा आल्या तेव्हा साठीच्या होत्या. टेंभुर्णीच्या पलीकडे त्यांची वस्ती, गायरानाला लागून. तीन तास त्या एकच सांगत होत्या, अठ्ठ्याहत्तरपासून आमीच करून राह्यलो, मधी कुनी आलं न्हाई. मी मान हलवत होते आणि मला कळत होतं की काहीतरी आहे. मग मी माझ्या आजीचं सांगितलं. आजी दुसऱ्याच्या रानात राबून राबून गेली, स्वतःची दोन हात जमीन असावी असं म्हणत गेली. ते खरं होतं, आणि ते मी कामासाठी वापरलं, हेही खरं. केशरबाई हळूच म्हणाल्या, "अठ्ठ्याऐंशीला बैल मेल्ता. कारखान्याकडं गेल्तो आमी. दोन सालं तिकडंच राह्यलो. रान तसंच पडून व्हतं." आणि गायरान नावावर करून द्यायचा सरकारचा नियम नव्वदच्या एप्रिलचा, त्या दिवशी जमीन तुमच्या ताब्यात हवी. मी कॅलेंडरचं पान ओढलं. "हे कशाला लिहिते?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, विसरू नये म्हणून, तुमच्याशिवाय आणि आमच्या साहेबांशिवाय कुणाला कळणार नाही. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, बरं वाटलं सांगून, घरात बी कुनी बोलत न्हाई तेच्यावर. मी चहा मागवला.

आता टेबलावरून उठून मी साहेबांकडे गेले. ते पुढच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. चौऱ्याहत्तर झालेत, सकाळी दोन तास येतात, कुणी आलं की नमस्कार घेतात. मी समोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं, कंपनी, आदिनाथ, चिठ्ठी. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "फाडली न्हाई तू?" मी म्हणाले, नाही. "का? नियम कशाला केला व्हता मी?" मला वाटलं आता ते उठतील, आदिनाथला हाक मारतील, म्हणतील, हे वकीलपत्र परत कर, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर उलटायचं नसतं. ते म्हणाले, "कंपनीचं काम मोठं हाय, वंदना. जिल्ह्यात तेची आनखी बारा ठिकाणं हायेत. पोरगा बघून राह्यला सगळं. मी आता कशात न्हाई." आणि पेपर उचलला. त्यांच्या नावाची निकालपत्रं माझ्या चिठ्ठ्यांवर उभी होती. तो पेपर त्यांच्या हातातून ओढून फाडावा असं मला इतकं वाटलं की मी हात पाठीमागे धरले.

टेबलाशी येऊन मशीन उघडलं आणि ४११८ शोधून काढली. माझं अक्षर, कोपऱ्यात कॅलेंडरच्या तारखांचे आकडे उमटलेले, टाचणीचं भोक. काढून टाका, असं दाबलं. 'ही नोंद काढण्याची परवानगी आपल्याला नाही. कृपया प्रशासकाशी संपर्क साधा.' पुन्हा दाबलं. पुन्हा तेच, तितक्याच विनम्रपणे. मूळ कागद आठ महिन्यांपूर्वी गोदामात गेले होते आणि गोदामाची किल्ली आदिनाथकडे होती. काय केलंस तू, असं मी स्वतःला विचारलं आणि उत्तर लगेच मिळालं, त्याला मशीन लागलं नाही. मशीनमधून काढली असती तरी आदिनाथच्या डोक्यातून काय काढणार होते? त्याने वाचलं होतं. आणि वाचायला मी शिकवलं होतं, त्यालाही आणि मशीनलाही. पलीकडच्या केबिनमध्ये तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, बिलकुल टेन्शन घेऊ नका सर, मुद्दा सापडलाय.

दीड वाजता काचेच्या दरवाज्यातून केशरबाई आत आल्या. आता अठ्ठ्याहत्तरच्या असतील, वाकल्यात, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कंपनीची नोटीस. एवढ्या वर्षांनी त्या सरळ माझ्याच टेबलाकडे आल्या, कुणालाही न विचारता. "जय भीम, पोरी," म्हणाल्या. "सोमवारी कुंपनाची तार ओढनार म्हून राह्यले. लेक म्हनला, दुसरा वकील बघ. म्या म्हनलं, आपली वंदना हाय." आणि खुर्चीवर बसून लगेच बोलायला लागल्या, नोटीस कधी आली, कोण आलं होतं, किती माणसं होती. टेबलावर आदिनाथने बसवलेला तो काळा छोटा मायक्रोफोन होता. पक्षकार जे बोलेल ते मशीन आपोआप लिहून घेतं, आता मला लिहावं लागत नाही. त्याचा हिरवा दिवा लागलेला मला दिसला. एकोणीस वर्षं मी माणसांना बोलतं केलं होतं. मी म्हणाले, "मावशी, गप्प बसा. एक शब्द बोलू नका." त्या चमकल्या. मी त्यांचा दंड धरला, पर्स उचलली आणि त्यांना जवळजवळ ओढत जिना उतरवला. वरून आदिनाथने हाक मारली, ताई, कोण आहे? मी थांबले नाही.

रस्त्याच्या पलीकडे एका बंद दुकानाची पायरी होती. तिथे सावलीत त्यांना बसवलं आणि मी समोर उभी राहिले. बसायची माझी लायकी नव्हती. सगळं सांगितलं. की आमचं ऑफिस आता कंपनीचं आहे. की ऊसतोडीचं तुम्ही जे सांगितलं होतं ते त्यांना कळलंय आणि ते तुम्हाला कोर्टात तेच विचारणार आहेत. केशरबाई ऐकत होत्या, नोटिशीची पिशवी दोन्ही हातांनी मांडीवर धरून. मग विचारलं, "कुनी वाचलं?"

"साहेबरावांच्या मुलाने."

"तेला कुनी देलं?"

"मी दिलं, मावशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणाले, मी ते ऑफिस सोडलंय. खरं तर तो निर्णय मी त्याच क्षणी घेतला, बोलताना. म्हणाले, मी तुमची जुनी वकील आहे, त्या ऑफिसातल्या कुणाला तुमच्या विरुद्ध उभं राहू देणार नाही, आदिनाथची तक्रार बार कौन्सिलकडे करते, माझी सनद गेली तरी चालेल, आणि सोमवारच्या आत मनाई हुकमाचा अर्ज मी स्वतः टाकते. पर्समध्ये कोरं वकीलपत्र असतंच, ते काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते बघितलं, पेन मागितला आणि मांडीवर ठेवून एकेक अक्षर जुळवत सही केली. मी म्हणाले, मावशी, तुम्ही विश्वास ठेवलात.

"दुसरा वकील कुठून आनू?" केशरबाई म्हणाल्या. पेन परत दिला. "हाय एक गोष्ट. त्या दोन सालांतली. रान पडून व्हतं, पर तेवढंच न्हाई. तवा तुला सांगनार व्हते. तू जल्दी जल्दी लिहून घेतलं आन चहा मागवला."

"कुठली गोष्ट? त्याने ताबा दाखवता येईल? सांगा ना मावशी. मी काही लिहीत नाही, बघा, हात रिकामे आहेत माझे."

"न्हाई."

"वकिलालाच सांगितलं नाही तर मी काय विचारू तुम्हाला कोर्टात? उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारत नसतात, मावशी. फार धोका असतो."

"तू उभी राहून इचार, त्या दोन सालांत काय झालं म्हून. म्या जजसाहेबाच्या तोंडावर सांगीन."

"आणि त्याने जमीन नाही वाचली तर?"

केशरबाई पायरीला हात टेकवत उठल्या. मी आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"मंग जाईल," त्या म्हणाल्या. "पर माझ्या तोंडानं जाईल. तुझ्या कागदानं न्हाई."